तीन ठोके म्हणजे माणूस आहे

आमच्या घरात दोन वर्षं एकच वाद चालला. आई ठोकत नाहीत, की मामाजींना ऐकू येत नाही? मी मधात बसून दोघांचंही ऐकलं, आणि दोघंही खोटं बोलून राहिले असं ठरवून मोकळी झाले. माझं डोकं तसं बरं चालतं, पण त्या दोन वर्षांत त्याचं पार भरीत झालं होतं.

मी प्राची डाखोरे. चंद्रपूरच्या जुन्या खाण-कॉलनीत राहते. घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्युटी पार्लर आहे. नवरा प्रफुल्ल तिकडे राजस्थानात सौर पॅनेलांची देखरेख करतो आणि दिवाळी-होळीला तोंड दाखवतो. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मंदाबाई. मामाजी म्हणजे सासरे, देवराव. त्यांची सारी उमर कोळशाच्या खाणीत गेली.

ठोकण्याची भानगड खाणीतूनच घरी आली. खाणीत दोरावर ट्रॉली चालते. खालचा माणूस वरच्याला घंटेनं खूण देतो. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे ट्रॉलीत कोळसा नाही, माणूस आहे, सांभाळून. आई नवी नवरी असताना एकदा मागच्या अंगणातल्या शिडीवरून घसरल्या, तेव्हा मामाजींनी घरात हाच कायदा लावला. वरून उतरायचं असलं की पत्र्यावर तीन ठोके द्यायचे, आणि शिडी धरायला कोणी आल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही.

आई रोज वर जायच्या. मिरच्या, मुंगवड्या, कुरड्या, काहीच नसलं तर ओले कपडे. उन्हाळा असो, हिवाळा असो, ऊन पडलं की बाईला छताशिवाय करमत नसे. दुपार उतरली की कॉलनीच्या पाण्याच्या टाकीची सावली आमच्या पत्र्यावर यायची. ती वाळवणाला टेकली की आई आवरायच्या आणि माकडं हाकलायच्या काठीनं ठोकायच्या. ठक्-ठक्, जरासं थांबून, ठक्. मामाजी असतील तिथून उठायचे. सकाळपासून दोघांचं भांडण चालू असलं तरी उठायचे. आई डोक्यावर टोपलं घेऊन उतरायच्या, शेवटच्या पायरीवर त्यांच्या खांद्यावर हात टेकवायच्या, आणि जमिनीवर पाय लागला की भांडण सकाळी जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. नंतर नंतर हेवा वाटायला लागला, कारण माझी शिडी धरणारा राजस्थानात होता.

जुना पत्रा म्हणजे नुसता ढोल होता. उन्हानं कडकड वाजायचा, आणि माकडांची टोळी गेली की पार्लरमधल्या बाया किंचाळायच्या. एकदा एक हुप्प्या धपकन पडला, माझा दोरा सुटला आणि देवतळेबाईची अर्धी भुवई गेली. त्यात उन्हाळा पन्नासच्या पार जायला लागला. कूलर गरम हवा फेकायचा. तेव्हा कॉलनीत एकेकानं नवं छत बसवायला घेतलं आणि मामाजींनीही आपलं घर पुढं केलं.

छत बसवायला छताच्या कंपनीकडून निकिता मडावी आली. सावळी, काटकुळी, तोंडात शब्द कमी. तिनं जे आणलं तो एकच अखंड पत्रा होता, बोटभर जाड, दोन धातूंचे थर चिकटवलेला. मधात एक खिळा नाही की एक भोक नाही. काठाला मात्र चारी बाजूंनी बारक्या मोटरी आणि तापणाऱ्या पट्ट्या.

"सगळं काठालाच?" आई म्हणाल्या. "ज्याच्या मधात काहीच नाही, ते टिकन कशावर व माय?"

निकितानं त्यांना विचारलं, "आई, पापड निखाऱ्यावर ठेवला की काय होते?"

"वाकडा होते. जिथं आच लागली तिथून."

"पत्र्याचंही तेच. एकीकडे ऊन, एकीकडे सावली. जिथं तापला तिथं ताणतो, मग वाकतो, वाकला की कडकडतो. आता समजा, पापड नुसता कडेला धरून सपाट ठेवायचा आहे. मधात बोट लावायचं नाही."

"ठेवून दाखव!" आई म्हणाल्या.

"हातानं नाही जमत. गणितानं जमते." मग ती पहिल्यांदा सलग बोलली. पत्र्याच्या मधात काहीही झालं, थेंब पडला, ऊन सरकलं, कोणी पाय ठेवला, तरी त्याची लाट काठापर्यंत येतेच. म्हणजे काठावर बसून मधातलं सारं कळते. आणि जे काठावरून कळते ते काठावरूनच शांतही करता येते. लाट येते तिच्या बरोबर उलटा धक्का द्यायचा. दोन्ही एकमेकींना खातात. किती वेळात पत्रा पूर्ण गप होईल, तेही गणितात बसते. अडचण एकच. धक्का झटकन पोचतो, उष्णता मात्र रेंगाळत जाते. म्हणून काठाला आधीच अंदाज बांधून तयारीत राहावं लागते. "ते छत शिकते," निकिता म्हणाली. "तुमच्या घरी रोज काय होते ते शिकते, आणि व्हायच्या आतच हात उचलते."

"शिकलेलं छत आलं बाप्पा आपल्या घरी," आई म्हणाल्या. "मी सातवी नापास."

छत बसलं आणि घर थंडगार झालं. आवाज तर असा बंद झाला की पावसाळ्यात पार्लरमधून बाहेर पडलेल्या बाया भिजून परत यायच्या, कारण पाऊस चालू आहे हेच आत कळायचं नाही. माकडं नाचोत की गारा पडोत. मी कंपनीचे गुण गात सुटले.

आणि मग तो वाद सुरू झाला. पहिल्यांदा मामाजी म्हणाले, "तुझी सासू आताशा हळूच ठोकते. जीव नसल्यावानी." काही दिवसांनी म्हणाले, "आज तर ठोकलंच नाही. आपल्या मनानं उतरून आली. टोपलं घेऊन, एकटी." त्यांचा चेहरा असा झाला होता की मी चहा हातात देऊन विषय बदलला.

आई स्वयंपाकघरात वेगळंच सांगत होत्या. "तुझ्या मामाजीचे कान गेले. खाणीतल्या सुरुंगांनी खाल्ले शेवटी. मी ठोकते, ठोकते, खाली चिटपाखरू नाही. तू बोलू नको त्याईले, मनाला लावून घेतीन."

मी बोलले. माझ्या पोटात काही राहत नाही. मामाजी ताडकन उठले. "मी बहिरा? बोलाव तिले!"

झाली परीक्षा. सकाळची वेळ होती. आई काठी घेऊन वर गेल्या आणि त्यांनी तीन ठोके दिले. खणखणीत ऐकू आले! मामाजींना आले, मला आले, पार्लरमध्ये फेशियल लावून पडलेल्या बाईलाही आले. मामाजी शिडीपाशी जाऊन म्हणाले, "पाह्य. ठोकलं की ऐकू येते."

आई उतरल्या. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला तेव्हा वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून बाई गप आहेत. कारण दुपारचे ठोके मलाही कधी ऐकू येत नव्हते, आणि माझे कान तर शाबूत होते. मी समजले, नव्या पत्र्यावरून बाई रुसल्या आहेत. मामाजीही तेच समजले. आई काय समजल्या, ते आज मला कळतं. म्हाताऱ्याला ऐकू येतं, तरी तो मुद्दाम येत नाही.

त्यानंतर दोघंही ह्या विषयावर बोलले नाहीत. डाळीत मीठ कमी पडलं तर गल्ली डोक्यावर घेणारी माणसं ती, पण ह्यावर चकार शब्द नाही. आई रोज एकट्या उतरायच्या, एकेका पायरीवर टेकत. मामाजी खिडकीत बसून पाहत राहायचे, आणि आई उतरताना खिडकीत बसलेल्या मामाजींना पाहायच्या. मला वाटायचं, म्हातारपण असतं असं.

ह्या होळीनंतर आई गेल्या. झोपेत, शांतपणे. प्रफुल्ल आला, नातेवाईक आले, घर माणसांनी भरलं. त्याच दिवशी दुपारी, आईंना नेल्यानंतर, बाया ओट्यावर बसल्या असताना छतावर आवाज झाला. ठक्-ठक्. ठक्.

"माकड असन," कोणी तरी म्हणालं. मीही माकडच म्हणाले. फक्त मामाजी उठून मागच्या दाराकडे गेले. मला वाटलं, माणसांत जीव घुसमटला असेल.

पाहुणे पांगले, प्रफुल्लही गेला, आणि चैत्राचं ऊन लागलं. एका दुपारी पार्लर रिकामं होतं म्हणून मी मागं गेले, तर मामाजी अंगणात शिडी धरून उभे. डोक्याला काही नाही. अंगातला सदरा भिजून पाठीला चिकटलेला.

"मामाजी! काय करून राहिले उन्हात?"

"तिनं ठोकलं."

"कोणी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वेडी मीच आहे. "तीन ठोकले. तीन म्हणजे माणूस आहे."

त्यांना आत नेलं, पाणी पाजलं, आणि मग मीच शिडी चढून वर गेले. वर कुत्रं नाही की मांजर नाही. पांढरा पत्रा, त्यावर टाकीची सावली, आणि काठाला आईंच्या कपड्यांची दोरी बांधायची कडी. कडीजवळ एके ठिकाणी टिकलीएवढा रंग उडाला होता, आत धातू चकाकत होता. मी त्याला बोट लावून पाहिलं. काही कळलं नाही. चटका बसला तेवढा.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आत बसून राहिले. दोरा हातात, कान वर. आणि ठोके आले. चांगले मोठ्यानं आले. मी धावत अंगणात गेले तर मामाजी माझ्या आधी शिडीपाशी, आणि वर कोणी नाही. आता सांगा, माणसानं काय समजायचं? मी भुताखेताला मानत नाही. पण त्या दिवसापासून देवाजवळ दिवा लावताना मी दोन वेळा वळून पाहायला लागले. जी बाई जिवंत असताना ठोकत नव्हती, ती मेल्यावर काहून ठोकते? मामाजींना विचारलं तर म्हणाले, "राग गेला असन तिचा." आणि त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. मला रडूही येईना, रागावताही येईना.

एक दिवस आभाळ आलं. ऊन नाही, सावली नाही. त्या दिवशी ठोके आले नाहीत. मामाजी रात्रीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, टाकीची सावली कडीला लागली आणि ठोके आले. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला की हे मेलेल्या माणसाचं काम नाही, सावलीचं आहे. पण सावली ठोकते कशी? पुन्हा अंधार.

त्याच आठवड्यात मामाजी शिडीपाशी कोसळले. मी मोरीत धुणं आपटत होते, त्या आवाजात मला कळलं नाही, शेजारच्यांनी पाहिलं. डॉक्टरांनी बाटली लावली आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "ऊन अजून वाढणार आहे. पुन्हा असे उभे राहिले तर मला बोलवू नका, मुलाला बोलवा." मी मागच्या दाराला कुलूप घातलं. मामाजी ठोक्यांच्या वेळी त्या दारावर दोन्ही हात मारायला लागले. "उघड व पोरी! वर माणूस आहे! पडन थे!" ऐंशीच्या घरातला माणूस लहान लेकरासारखा रडत होता. मी कुलूप उघडलं नाही, आणि दाराच्या अलीकडे बसून मीही रडले. दुसऱ्या दिवशी निकिताला फोन केला. "तुमच्या छतानं आमच्या घराचा तमाशा केला आहे," असं म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले.

ती आली. तिनं काठाच्या मोटरी चालवणाऱ्या पेटीला आपली पडद्याची पाटी जोडली आणि सावली येईपर्यंत तिथंच बसून राहिली. ठोके आले. तिनं पाटीवर पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मला विचारलं, "वर रोज कोणी तीनदा ठोकत होतं?"

"नाही," मी म्हणाले. "आधी ठोकायच्या. हे छत आल्यापासून बंद केलं होतं."

"बंद नव्हतं केलं," निकिता म्हणाली.

मामाजी खाटेवर पडले होते. ते उठून बसले. मी म्हणाले, "मडावी मॅडम, नीट सांगा. आमची डोकी आधीच फिरली आहेत."

तिनं खाटेच्या पायथ्याची पांघरायची चादर घेतली, दोन कोपरे माझ्या हातात दिले, दोन आपण धरले, आणि मधात माझा कंगवा टाकला. चादर हलवायला लागली. "कंगवा खाली आपटणार तेवढ्यात चादर खाली सोडायची. मग तो आपटला हे कळतच नाही. हे छत तेच करते. रोज सावली कडीपाशी आली, तिथं पत्रा गार झाला, की लगेच तीन ठोके पडतात, हे ते शिकलं. सुरवातीला उशीर व्हायचा, म्हणून ठोका अर्धामुर्धा खाली यायचा. मग शिकत गेलं, अन् पूर्ण गिळायला लागलं. पाऊस अन् माकडं चालूच राहतात, त्यात छताला सावरायला वेळ मिळते. पण सकाळी अवचित कोणी ठोकलं तर ऐकू येईन, कारण तेव्हा छत तयारीत नसते. दुपारचा ठोका मात्र नाही."

"अन् आता?" मी विचारलं.

"आता सावली येते, छत उलटा ठोका देते, पण वर सुलटा ठोका देणारं कोणी नाही. खायला काहीच नाही म्हणून उलटा ठोकाच वाजतो. कानाला काय, उलटा अन् सुलटा सारखाच."

मला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी चादर सोडली आणि कंगवा फरशीवर पडला. रंग उडालेली ती टिकली माझ्या डोळ्यांपुढं आली. दोन वर्षं. बाई तिथं उभी राहून दोन वर्षं ठोकत होती आणि आम्ही खाली बसून तिला रुसकी म्हणत होतो.

मामाजींनी निकिताला हातानं जवळ बोलावलं. "म्हणजे थे ठोकत होती?"

"हो बाबा. रोज."

"रोज? मी आलो नाही तरी?"

"ज्या दिवशी सावली होती त्या प्रत्येक दिवशी. छतानं त्यांचा आवाज नाही ठेवला. किती जोर लावावा लागला तेवढं फक्त त्याच्या अंगी बसलं."

"किती लागला जोर?"

निकितानं खरं सांगितलं. "वाढत गेला. शेवटी शेवटी भल्ल्या जोरात ठोकत होत्या. आता जेवढा ऐकू येते नं बाबा, तेवढा."

मामाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी खिडकीत बसलो होतो व," ते म्हणाले. "इथंच बसलो होतो. थे ठोके अन् मी पाह्यतो, येते का मनवायले." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्याच्या पाठीवर आमच्यात सून हात ठेवत नाही, पण मी ठेवला.

निकिताला कामाचं बोलायचं होतं. तिनं मला बाजूला नेलं. छत आपण होऊन विसरेल का, मी विचारलं. विसरेल, ती म्हणाली. रोज ठोका वाया जातो हे त्याला कळते, म्हणून रोज थोडा कमी होईल. पण ते हळूहळू, पाऊस लागेपर्यंत चालणार. तोवर हा माणूस रोज उन्हात उभा राहणार. नाहीतर आत्ताच छत शून्यावर आणायचं. म्हणजे सारं शिकलेलं पुसायचं, काठ पुन्हा कोरा. "पण एकदा शून्य केलं की मागं नाही येत, ताई. तापलेल्या पत्र्याचं गणित एकाच दिशेनं जाते. शांत करता येते, पण तो आधी कसा होता हे शांत पत्र्यातून काढता येत नाही."

म्हणजे आईंचे ठोके माझ्या एका 'हो'वर होते. ठेवले तर मामाजी जातात. पुसले तर आई पुन्हा जातात, ह्या वेळी माझ्या हातानं. प्रफुल्लला फोन लावला तर तो म्हणाला, "तुला काय वाटतं?" नवरे असंच म्हणतात. मी फोन ठेवला आणि पडवीत जाऊन बसले.

मामाजी काठी टेकत बाहेर आले. ती आईंची माकडं हाकलायची काठी होती. त्यांनी सारं ऐकलं होतं. कान काही गेले नव्हते त्यांचे.

"पुसून टाका," ते म्हणाले. "पण उद्या. उद्या मले एकदा वर जाऊ द्या."

"मामाजी, डॉक्टर काय म्हणाले..."

"माहीत आहे काय म्हणाले. थे दोन वर्षं एकटी उतरली. मले एक दिवस चढू दे." मग निकिताकडे वळून म्हणाले, "पोरी, थे ठोकते, म्हणजे तुहं छत ठोकते, त्याच वक्ताले मी ठोकलं तर?"

निकिता म्हणाली, "तर आवाजच येणार नाही, बाबा. छताचा अन् तुमचा ठोका एकमेकांत जिरतील. पण वेळ अगदी बरोबर साधली पाहिजे. जरा चुकली तर दोन्ही वाजतील."

"आवाज नाही आला तर नाही येऊ दे," मामाजी म्हणाले. "तिचाही नव्हता येत."

दुसऱ्या दिवशी मी पार्लर बंद ठेवलं. मामाजींना पन्हं पाजलं, डोक्याला ओला दुपट्टा बांधला, ऊन बाधू नये म्हणून खिशात पांढरा कांदा घातला. शेजारी विचारायला लागले तर सांगितलं, छत तपासायचं आहे. मामाजी शिडी चढायला लागले. एकेका पायरीवर टेकत, आई उतरायच्या तसेच. मी खाली शिडी धरून उभी, आणि मनात सारखं एकच, की हे मी काय करून राहिले? हा म्हातारा वर कोसळला तर प्रफुल्लला मी काय तोंड दाखवू?

ते वर पोचले. पत्र्यावर पावलं पडली असतील, मला काही ऐकू आलं नाही. निकिता कोपऱ्यातल्या पेटीपाशी पाटी घेऊन उभी होती. ऊन असं होतं की अंगणातली तुळस मान टाकून बसली होती.

"कडी दिसली का?" मी खालून ओरडले.

"दिसली. टिकली पण दिसली तिची," वरून आवाज आला.

"सावली लागली की दोन पटपट, अन् तिसरा थांबून," निकिता म्हणाली.

"मले नको शिकवू. चाळीस वर्षं आयकलं मी."

सावली सरकत होती. ती मला खालून दिसत नव्हती, टाकीकडे पाहून अंदाज करत होते. मग काठाच्या मोटरी बारीक गुणगुणायला लागल्या. निकितानं हात वर केला. आता येतील. आता.

काहीच आलं नाही.

मला वाटलं, मामाजींना चक्कर आली, त्यांनी ठोकलंच नाही. पण मग छताचे ठोके तरी यायला हवे होते. छताचेही नाही, मामाजींचेही नाही. मी निकिताकडे पाहिलं. तिचे डोळे पाटीवर होते आणि भरलेले होते. "तिन्ही बसले, ताई," ती म्हणाली. "एकही नाही चुकला."

मी शिडी घट्ट धरली. तीन म्हणजे माणूस आहे.

निकितानं बोट पाटीवर नेलं. "करू शून्य?"

मी काही म्हणायच्या आत वरून आवाज आला. एकच. मोठा, मोकळा. छताला त्याचा अंदाज नव्हता, त्यामुळे तो जसाच्या तसा खाली आला.

ठक्.

निकिता दचकली. "हा कोणाचा?"

"मामाजींचा," मी म्हणाले. "एक म्हणजे थांब. आईंना सांगून राहिले, आता पुरे."

आम्ही दोघी वर पाहत राहिलो. जरा वेळानं शिडीच्या वरच्या टोकाला मामाजींचा पाय आला, पायरी चाचपडत. निकितानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली, तिनं बोट टेकवलं. शिडी मात्र मी सोडली नाही. मामाजी उतरत उतरत शेवटच्या पायरीवर आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकवला.